खाणीकाठचा ओला चेहरा

"माझी मुलगी खोटं बोलत नाही, एवढं सिद्ध करून द्या," दारात उभी असलेली बाई म्हणाली. "बाकी माझं काही मागणं नाही."

भाऊजींनी तिला आत घेतलं, खुर्ची दिली, पाण्याचा पेला पुढे केला. तिने पेल्याला हात लावला नाही. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती आणि साबणाने व कोरड्या थंडीने तिची बोटं उललेली होती.

वहिनी समोर येऊन बसल्या. त्यांनी विमा कंपनीत वीस वर्षं दावे तपासले होते. आग लागली की लावली, माल बुडाला की बुडवला, हे शोधता शोधता त्यांचा माणसांवरचा विश्वास कमी झाला आणि वस्तूंवरचा वाढला. निवृत्तीनंतर त्या खासगी तपासाची कामं घेत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून ते वहिनींबरोबर हिंडत. आपण पिशवी धरायला जातो असं ते स्वतःच सांगत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

मुलगी चार वर्षं खाणीकाठच्या म्हाताऱ्या शिल्पकाराकडे शिकत होती. म्हातारा एकटा होता, स्टुडिओतच राहायचा. स्टुडिओच्या मागच्या दाराबाहेर दगडाची जुनी खाण, पाण्याने भरलेली. अकरा दिवसांपूर्वी, गुरुवारी, दुपारी बारा वाजता शेजारचा साचेवाला त्याच्याकडे डोकावला. म्हातारा नव्हता. फिरत्या स्टुलावर मातीचा चेहरा उघडा होता आणि माती ओली होती. संध्याकाळपर्यंत म्हातारा आला नाही म्हणून साचेवाल्याने पोलिसांना कळवलं. नऊ दिवसांनी, शनिवारी, त्याचं प्रेत खाणीच्या पाण्यावर आलं. डोक्याला मागून मार होता.

"कधी मेला, ते डॉक्टर काय म्हणतात?"

"इतक्या गार पाण्यात नेमका दिवस सांगता येत नाही म्हणे. म्हणून फौजदारांनी माती धरली. या दिवसांत उघडी माती तीन-चार तासांत तडकते. ती बारा वाजता ओली होती, म्हणजे सर त्या सकाळी काम करत होते. आणि सकाळी नऊ ते साडेदहा तिथे माझी मुलगी होती." बाईने पदर सारखा केला. "ती म्हणते, सर मला दिसलेच नाहीत. फौजदार म्हणतात, दिसले नाहीत तर माती काय भुताने ओली केली? त्यात मंगळवारी दोघांचं भांडण झालेलं. परवा, बुधवारी, तिच्यावर खुनाचा आरोप ठेवणार आहेत."

भाऊजींना ते ऐकून वाईट वाटलं, पण मनातल्या मनात त्यांनी फौजदारांची बाजू घेतली. हिशोब चोख होता. बाई गेल्यावर त्यांनी तसं बोलून दाखवलं.

"चोख आहे," वहिनी म्हणाल्या. "सगळा खटला एका मातीच्या गोळ्यावर उभा आहे. चला, चपला घाला."

कोठडीतली मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. तीन दिवसांत तिने केसांना हात लावलेला दिसत नव्हता. ती प्रश्नांची उत्तरं देत होती, पण समोर कोण बसलंय याच्याशी तिला काही देणंघेणं नसावं असं भाऊजींना वाटलं.

"भांडण कशावरून?"

"मी पाणी मारलं म्हणून."

"कशावर?"

"सरांच्या कामावर. त्यांच्या बायकोचा चेहरा करत होते. सात महिने चाललाय. हल्ली सर फार हळू करायचे. सोमवारी संध्याकाळी निघताना बघितलं, तर चेहरा उघडाच. ओलं ठेवायचं फडकं खिळ्यावर वाळून कडक झालेलं. मला वाटलं, विसरले. मी त्यांच्याच फवाऱ्याने पाणी मारलं, फडकं भिजवून गुंडाळलं आणि घरी गेले. सकाळी फडकं काढलं, तर डावा गाल खाली घसरलेला. चार वर्षांत सर माझ्यावर कधी एवढे ओरडले नव्हते. माझ्या कामाला परत हात लावलास तर इथे पाय ठेवू नकोस म्हणाले."

"पाणी जास्त झालं असेल."

"नाही. मी माझ्या कामावर मारते तेवढंच मारलं. माझं काम तेवढ्याने कधी घसरलं नाही."

वहिनींनी यावर मान हलवली. "बुधवारी?"

"गेले नाही. राग आला होता मला. गुरुवारी गेले. चेहरा ओला दिसत होता. वाटलं, आत्ता इथे होते, माझी चाहूल लागल्यावर मागच्या दाराने बाहेर गेले. म्हटलं, बसा रुसून. दीड तास वाट बघितली आणि निघून आले." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "मी मागे जाऊन बघायला हवं होतं ना?"

वहिनींनी विचारलं, "सरांचं सामानसुमान कोण आणायचं?"

"मीच. किराणा, औषधं, प्लास्टर, सगळं. त्यांना उतार चढवत नव्हता."

स्टुडिओच्या दारात एक पोलीस शिपाई मफलर गुंडाळून बसला होता. त्या गुरुवारपासून त्याची नेमणूक तिथेच होती. पुरावा जसा सापडला तसाच ठेवायचा, रोज दोनदा पाणी मारायचं, असा फौजदारांचा हुकूम होता.

आत खोली कोंदट आणि गार होती. एका कोपऱ्यात मुलीचं अर्धवट काम प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, भिंतीला कोरण्या, लाकडाच्या पट्ट्या, तारेचे सांगाडे. मधोमध स्टुलावर तो चेहरा होता. म्हातारी होण्याआधीच गेलेल्या बाईचा चेहरा, किंचित हसायच्या बेतात असलेला. डावा गाल ओघळलेला होता. तो परत बसवायचा प्रयत्न कोणीतरी केला होता, पण बोटांचे ठसे वेडेवाकडे उमटले होते आणि काम तिथेच सोडलेलं होतं. भाऊजींना त्या चेहऱ्याकडे फार वेळ बघवेना.

वहिनींनी हनुवटीखाली हळूच नख रुतवलं. माती लोण्यासारखी मऊ होती.

"रोज पाणी मारता वाटतं?"

शिपाई घुटमळला. "साहेबांना सांगणार नसाल तर सांगतो. पहिल्याच दिवशी मारलं, तर नाकच घसरायला लागलं. हात लावायची भीती वाटली. मग सोडूनच दिलं. पण काही बिघडलं नाही बघा. आहे तशीच आहे."

"मागे एवढं पाणी आहे," भाऊजी म्हणाले. "खाणीची ओल येत असणार आत." आपणही काहीतरी शोधलं याचं त्यांना बरं वाटलं.

"असेल," म्हणत वहिनींनी मुलीच्या मातीच्या पिंपातून एक गोळा काढला आणि चेहऱ्याशेजारी, त्याच टेबलावर ठेवला. "याला कोणी हात लावू नका. पाणीही मारू नका. भाऊजी, किती वाजले?"

"दोन वाजून दहा."

मग त्या खोलीभर हिंडल्या. शिल्पकाराच्या पाण्याच्या फवाऱ्यावर धूळ होती, फक्त दांडीवर बोटांच्या पुसट खुणा. शिल्पकाराच्या मातीच्या पिंपाशेजारच्या फळीवर मात्र धुळीत एक चौकोन स्वच्छ होता, वहीच्या पानाएवढा. त्यावर वहिनींनी बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि रुमालाला पुसलं.

साचेवाला शेजारच्या गाळ्यात होता. कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरा झालेला, बोलायला उतावळा.

"मीच बोट लावून बघितलं ना त्या दिवशी. ओली म्हणजे ओली. बोट धुवावं लागलं मला, चिकट लागत होतं. आता म्हाताऱ्याच्या पुतण्याचं म्हणाल, तर तो आदल्या दिवशी आला होता, बुधवारी. दुपारी तीनच्या बसने गेला, मीच त्याला बसमध्ये बसताना बघितलं. सज्जन पोरगा. क्रीम-शाम्पूच्या कारखान्यात आहे. महिन्यातून एकदा काकाला भेटायला यायचाच."

"काकांच्या हातांना काही क्रीम वगैरे आणायचा का?"

"क्रीम?" साचेवाला हसला. "म्हातारा हाताला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. मातीवर डाग पडतो म्हणायचा. बोटं रक्ताळली तरी क्रीम नाही. आणि शेवटी शेवटी ती बोटं वाकतही नव्हती धड."

"बुधवारी दुपारनंतर तुम्ही त्यांना पाहिलं?"

साचेवाल्याने आठवून पाहिलं. "नाही बुवा. पण गुरुवारी सकाळी ते होतेच की. माती ओली होती ना."

दुसऱ्या दिवशी दोघं दोन तासांचा बसप्रवास करून पुतण्या कामाला असलेल्या कारखान्यात गेले. तिथे टूथपेस्ट, क्रीम आणि शाम्पू तयार होत. पुतण्या मिश्रण विभागाचा प्रमुख होता. पस्तिशीचा, पांढरा कोट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. काकांचं नाव काढल्यावर त्याचे डोळे भरून आले, आणि ते पाणी खरं होतं, असं भाऊजींना वाटलं.

वहिनींनी मात्र भलतंच काढलं. "आमच्या भाऊजींना टूथपेस्टचं झाकण लावायची सवय नाही. पंधरा दिवस उघडी राहते. तरी वाळत कशी नाही हो?"

भाऊजी ओशाळले. पुतण्या मात्र खुलला. आपल्या कामाचं कोणी विचारलं की माणूस दुःख घटकाभर बाजूला ठेवतो.

"त्यात सॉर्बिटॉल असतं, ग्लिसरीन असतं. हे पदार्थ पाणी धरून ठेवतात, उडू देत नाहीत. उलट हवेतली ओलही ओढून घेतात. क्रीममध्ये तेच. विकतचा केक आठवडाभर मऊ राहतो, त्यातही तेच. ऑफिसातलं शिक्क्याचं पॅड वर्षभर ओलं असतं ना? तेच. फक्त नुसतं ग्लिसरीन उललेल्या हातांना चोळू नका. हवा कोरडी असली की ते कातडीतलंच पाणी ओढतं. थोडं पाणी मिसळून लावायचं."

"काकांसाठी काही न्यायचात का इथून?"

"क्रीम. थंडीत हात फार उलायचे त्यांचे. बुधवारीही एक ट्यूब दिली."

"आणि त्या दिवशी ते कसे होते?"

"ठीक होते. चेहऱ्यावर काम करत होते. मी तीनची बस धरली." तो हातातल्या पेनाशी चाळा करू लागला. "गुरुवारी दिवसभर मी इथे पाळीवर होतो. शंभर माणसं सांगतील."

"ते मला माहीत आहे. एकच विचारते. गुरुवारी बाराला माती ओली होती, तर काकांनी तिला शेवटचा हात कधी लावला असेल?"

"त्याच सकाळी," पुतण्या म्हणाला. "दुसरं काय असणार?"

निघताना फाटकावरच्या पहारेकऱ्याने भाऊजींची पिशवी उलटी करून पाहिली. डबा, पंचा, चष्म्याचं घर. "गेल्या महिन्यापासून कडक केलंय," तो म्हणाला. "भांडारातून माल बाहेर जायला लागला होता."

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. भाऊजींनी दोनदा खाकरून पाहिलं, उपयोग झाला नाही. स्टुडिओत पोचल्यावर त्या थेट टेबलापाशी गेल्या. मुलीच्या मातीचा गोळा पांढरट पडला होता आणि त्याला बोटभर भेग गेली होती. भाऊजींनी तो उचलला. दगड झाला होता.

"म्हणजे खाणीची ओल नाही," ते हिरमुसून म्हणाले.

"नाही. पण तुम्ही ते म्हणालात म्हणून मी गोळा ठेवला." वहिनींनी शाल सारखी केली. "फौजदारांना फोन लावा. म्हणावं, उद्या आरोप ठेवण्याआधी सकाळी खाणीत गळ टाकायला दोन माणसं हवीत. मागच्या दाराच्या अगदी खाली."

बुधवारी सकाळी सगळे स्टुडिओत जमले. फौजदार कपाळाला आठ्या घालून उभे होते. साचेवाला दाराशी, पुतण्या खिडकीपाशी. मुलीला दोन पोलिसांनी आणलं होतं आणि तिची आई तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. त्याहून जवळ जायची परवानगी नव्हती. टेबलावर फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"या मुलीविरुद्ध साक्षीदार एकच आहे," वहिनींनी सुरुवात केली. "ही माती. ती म्हणते, गुरुवारी सकाळी शिल्पकार जिवंत होते. मी म्हणते, ती खोटी साक्ष देते आहे. हा गोळा मुलीच्या पिंपातला. याच टेबलावर ठेवला होता, दिवसभरात तडकला. हा चेहरा तेरा दिवस उघडा आहे आणि अजून मऊ आहे."

"शिपाई पाणी मारतो," फौजदार म्हणाले.

शिपायाने छताकडे पाहिलं.

"मारत नाही. पहिल्या दिवशी मारलं तेव्हा नाक घसरलं. त्याला रागावू नका, त्याच्या कामचुकारपणाने एका मुलीचा जीव वाचतोय. हिने पाणी मारलं तेव्हा गाल घसरला. तेवढ्याच पाण्याने हिचं स्वतःचं काम घसरत नाही. का? कारण या मातीत आधीच ओल धरून ठेवणारं काहीतरी होतं. वरचं पाणी तिला सोसलं नाही. शिल्पकारांना हे ठाऊक होतं. म्हणून फडकं वाळून गेलं होतं आणि त्यांच्या फवाऱ्यावर धूळ होती. त्यांना पाण्याची गरजच उरली नव्हती. साचेवाल्यांचं बोट चिकट झालं, साध्या मातीने बोट चिकट होत नाही. फळीवर डब्याचा चौकोन आहे, तोही चिकट. डबा मात्र नाही."

"ग्लिसरीन," साचेवाला पुटपुटला. "अरे देवा. म्हातारा तर म्हणायचा, मातीला पाण्याशिवाय काही दाखवायचं नाही."

"म्हणायचे. पण बोटं वाकेनात. दोन तासांचं काम दोन दिवसांवर गेलं, आणि माती थांबत नव्हती. थांबेल अशी माती त्यांना हवी होती." वहिनी खिडकीकडे वळल्या. "हे तुम्ही आणून देत होता. क्रीम नव्हे. ते हाताला क्रीम लावत नसत आणि इथे एकही ट्यूब सापडलेली नाही."

पुतण्या खिडकीपासून मागे सरकला.

"माती फसवते म्हटल्यावर गुरुवार सकाळचा पुरावाच संपला," वहिनी पुढे म्हणाल्या. "मग शिल्पकारांना शेवटचं कोणी पाहिलं? बुधवारी दुपारी, तुम्ही. त्यानंतर कोणीही नाही. मातीने आम्हा सगळ्यांना फसवलं. फौजदारांना, साचेवाल्यांना, या मुलीलासुद्धा. तिलाही वाटलं, सर आत्ता इथे होते. फसणं शक्य नव्हतं असा एकच माणूस होता. पाणी कोण धरून ठेवतं हे ज्याने मला टूथपेस्टपासून शिक्क्याच्या पॅडपर्यंत समजावलं, तो. मी तुम्हाला मुद्दाम विचारलं, शेवटचा हात कधी लागला असेल? निर्दोष माणूस म्हणाला असता, बाई, त्या मातीवर जाऊ नका, तिच्यात ग्लिसरीन आहे. तुम्ही म्हणालात, त्याच सकाळी. तुम्ही ती माती ओली करून ठेवली नव्हती. ती तुम्हाला फुकटात मिळाली. ही मुलगी कोठडीत बसली आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावलंत."

त्यांनी फडकं उचललं. पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा, चिखलाने माखलेला, झाकण घट्ट. "आज सकाळी गळाला लागला. भरलेला आहे. पाण्यापेक्षा जड, म्हणून प्रेत वर आलं तरी हा तळाशीच राहिला. खाली तुमच्या कारखान्याचा बॅच नंबर आहे."

फौजदारांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्याची गरज नव्हती. पुतण्या भिंतीला टेकून खाली बसला होता.

"मी शेवटचा डबा आणला होता," तो म्हणाला. "फाटकावर तपासणी सुरू झाली होती, कसाबसा काढला. म्हटलं, काका, आता पुरे, माझी नोकरी जाईल. ते म्हणाले, मी तुझ्या साहेबाला येऊन सांगतो, माझ्यासाठी नेतो म्हणून. मला काही सुचेना. आधीचा रिकामा डबा मी पिशवीत घातलाच होता. हा भरलेला परत घेऊन मागच्या दाराने निघालो, पाण्यात टाकणार होतो. ते मागे आले. डबा सोडेनात. मी हिसडा दिला." त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. "डोकं कपारीवर आपटलं आणि ते पाण्यात गेले. मी खाली बघत उभा राहिलो. हाक मारायला हवी होती. साचेवाले शेजारीच होते. मी डबा पाण्यात टाकला आणि बस धरली."

मग फौजदारांनी मान हलवली आणि पोलीस मुलीपासून बाजूला झाले. आईने तिला जवळ घेतलं. मुलगी तिच्या खांद्यावरून पुतण्याकडे बघत होती.

"हे दुकानात मिळतं," ती म्हणाली. "कुठल्याही औषधाच्या दुकानात. मी रोज जाते तिथे. सर एकदा बोलले असते तर मीच आणलं असतं. मीच मळून दिली असती माती."

"मीही तेच म्हणालो," पुतण्या खालूनच म्हणाला. "शेवटपर्यंत तेच सांगत होतो. काका, तिला सांगा, ती आणून देईल. ते ऐकेनात. म्हणाले, हात गेलेत हे तिला कळलं तर ती माझ्याकडे काय म्हणून शिकायला येईल? आधीच रागावून गेली आहे, आज आलीसुद्धा नाही."

मुलीने आईचा हात बाजूला केला आणि फिरत्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसली. तिला उठवायला कोणी पुढे झालं नाही. बऱ्याच वेळाने तिने फौजदारांना विचारलं, सरांना अंत्यसंस्कारासाठी घेऊन जायचं असेल तर अर्ज कोणाच्या नावाने करायचा.